स्कीची कंबर किती रुंद हवी? आधी तुझे दिवस मोज

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. ९ वर्षं स्कीइंग करतेय, सीझनला १२ ते १५ दिवस मिळतात. आत्ता तिच्याकडे ७८ मिलिमीटर कंबरेची (म्हणजे बुटाखाली तेवढी रुंद) कार्व्हिंग स्की आहे, कडेवर कलवून वळणं घ्यायची. ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेल्या रनवर (ग्रूमरवर) ती मस्त चालते, पण ताजा बर्फ पडला की टिप, म्हणजे पुढचं टोक, बुडते, मागे झुकावं लागतं, दोन रनमध्ये मांड्या पेटतात. ग्रुपमधले लोक म्हणतात सरळ १२० ची घे, पावडरमध्ये, म्हणजे खोल ताज्या बर्फात, तरंगशील. दुकानातला म्हणाला ९८ च्या वर जाऊ नकोस, ग्रूमरवर रडशील, आणि वर हेही म्हणाला की बायकांचं मॉडेल घे, ते सोपं असतं. तिला स्वतःला ‘प्लेफुल’ स्की हवीये, म्हणजे छोट्या उंचवट्यावरून उडी मारता येईल, बाजूला सरकवता येईल, कधीतरी उलटं स्की करता येईल अशी. यादीत अॅटॉमिकची बेंट ११०, तिचीच १२०, आणि सॅलोमनची क्यूएसटी १०६ आहे. जुनी स्की विकून एकच जोडी ठेवायचा विचार आहे. आणि शेवटी लाजत लाजत विचारलंय, की ताई, ४१ व्या वर्षी बटर (वजन टोकावर टाकून स्की बर्फावरच गोल फिरवायची) वगैरे शिकायला जाणं म्हणजे वेडेपणा आहे का?

---

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाला हात लावायचा मोह होतोय पण तो शेवटीच घेते, कारण खरं सांगायचं तर तुझ्या अख्ख्या पत्रात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. बाकी सगळं १२० का ९८ का ११० असं आकड्यांचं आहे, आणि तो एक प्रश्न तुझा आहे.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकीत गुंतल्यात त्या आधी सुट्या करू. एक म्हणजे रुंदी आणि दुसरी म्हणजे प्लेफुलपणा. तू लिहिताना ‘रुंद आणि प्लेफुल’ असं एका दमात लिहिलंयस जणू काही रुंद घेतली की खेळकरपणा आपोआप येतो. तसं नसतं गं. १०८ रुंद असूनही रेल्वेच्या रुळासारखी सरळ जाणारी, वळायला दम काढणारी स्की मिळते आणि ९५ ची असूनही पायाखाली नाचणारी मिळते. रुंदीने ठरतं की तू बर्फाच्या किती वर राहणार. खेळकरपणा ठरतो तिच्या आकाराने, ती कुठे किती वाकते त्याने, आणि तुझा बूट तिच्यावर नेमका कुठे बसवलाय त्याने. हे वेगळं केलंस की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

आणि तिसरी गोष्ट, मांड्या पेटण्याची. ग्रुपमधल्या कुणीतरी तुला पहिल्या वर्षी सांगितलं असणार की पावडरमध्ये मागे झुकायचं. हा सल्ला इतका पसरलाय ना, आणि इतक्या लोकांचे पाय त्याने वाया गेलेत. मागे झुकलीस की तुझं सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूवर लटकतं, म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं, आणि तसं कोण किती वेळ बसणार. शिवाय वजन टेलवर, म्हणजे मागच्या टोकावर, गेलं की टिप वर येते खरी पण स्की वळायचं नाव घेत नाही, मग तू खांदे फिरवून वळवतेस, मग पडतेस. मधोमध उभं राहायचं, दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं वजन, घोटे थोडे वाकलेले, आणि थोडा वेग हवा कारण वेगानेही स्की वर येते, पाण्यावर चपटा दगड वेगाने फेकला तरच तो उड्या मारतो तसं. तुझी ७८ ची कार्व्हर टिपला फारशी वर वळलेली नाही, ती बुडणारच, त्यात तुझी चूक नाही. पण नवीन स्कीवर जाऊन तू तशीच मागे झुकलीस तर १२० वर सुद्धा मांड्या पेटतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता जरा तुझे दिवस मोजू. खरंच कागद घे. मागच्या सीझनचे तुझे दिवस आठव आणि लिही की किती दिवस घोट्याच्या वर ताजा बर्फ होता. आपल्याला आठवतात ते पावडरचे दिवस, फोटोही त्याच दिवसांचे असतात, म्हणून वाटतं की आपण नेहमी पावडरच करतो. पण १२-१५ दिवस ठरलेल्या तारखांना जाणाऱ्या माणसाला खरे खोल दिवस दोन मिळाले, तीन मिळाले तरी नशीबवान म्हणायचं. आणि त्या दिवसांचं सुद्धा काय होतं बघ. सकाळी लिफ्ट उघडते, पहिले दोन तास स्वर्ग, नंतर सगळा उतार कापला जातो, ढीग आणि खड्डे, एक वळण मऊ आणि पुढचं एकदम टणक. म्हणजे ज्याला आपण पावडर डे म्हणतो त्यातला मोठा भाग हा कापलेल्या बर्फाचा असतो. आणि तिथे फक्त रुंद असून भागत नाही, तिथे स्कीला थोडं वजन आणि पायाखाली थोडा ताठपणा लागतो, नाहीतर प्रत्येक ढिगाला ती इकडे तिकडे फेकली जाते. फार हलकी आणि मऊ स्की हातात घेतली की छान वाटते, दुपारी १ वाजता त्या ढिगांमध्ये नाही वाटत.

म्हणून तुझा प्रश्न मी थोडा बदलते. ‘पावडरमध्ये सगळ्यात चांगली कोणती’ हे बाजूला ठेव. १० दिवस ग्रूम केलेला बर्फ, २-३ दिवस ताजा, आणि त्यातलाही अर्धा वेळ चाळवलेला, अशा सीझनभर कोणती स्की तुला हसत ठेवेल ते शोधू.

रुंदीचं गणित समजून घे, सोपं आहे. तुझ्या बुटाचा सोल पुढच्या बाजूला साधारण ७० मिलिमीटर रुंद असतो. स्लॅलम रेसवाल्यांच्या स्कीची कंबर ६५ च्या आसपास असते, म्हणजे तिची एज (धातूची धारदार कड) अगदी पायाखालीच येते, पाय जरा कलता केला की एज चावते. तुझ्या ७८ चं पण जवळपास तसंच. आता ११० ची घेतलीस तर एज तुझ्या पायाच्या मधल्या रेषेपासून ५५ मिलिमीटर लांब जाते, बुटाच्या बाहेर. मऊ बर्फात याने काही बिघडत नाही कारण अख्खी स्की आत रुतते आणि जोर सगळ्या तळव्यावर पसरतो. पण काचेसारख्या कडक बर्फावर सगळा आधार त्या एका बारीक कडेवर येतो, ती कड पायाच्या बाहेर, आणि बर्फ तिला सतत परत सपाट करायला बघतो. ते कोण थोपवतं? तुझा घोटा आणि गुडघा. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायलाही तेवढंच जास्त अंतर.

हे मी पायाने शिकलेय. मी एका सीझनला १२२ ची एकच जोडी घेऊन गेले होते, आठवडाभर बर्फ पडेल या आशेने, आणि पडला नाही. पाच दिवस टणक ग्रूमरवर ती जोडी चालवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी जिने उतरताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अशी कळ आली की कठडा धरून एकेक पायरी उतरले. स्कीत काही खोट नव्हती, खोल बर्फासाठी केलेली स्की ती, मी तिला चुकीच्या ठिकाणी राबवलं. म्हणून तुझी यादी वाचताना १२० वर डोळे थांबले. एकच जोडी ठेवायची असेल तर १२० काढून टाक. तुझं वजन ६२ किलो आहे हे पण बघ ना, १२० सांगणारे ग्रुपमधले मित्र जर ८५-९० किलोचे असतील तर त्यांना तरंगायला जेवढं क्षेत्रफळ लागतं तेवढं तुला लागतच नाही. तुझी १०६ तुला जवळपास तेवढीच वर ठेवेल जेवढी त्यांची ११५-१२० त्यांना ठेवते. वजनाचं हे गणित लोक सल्ला देताना विसरतातच.

दुकानातल्याचं ९८ चं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, ग्रूमरवर ९८ सोपी जाते हे खरं. पण ‘रडशील’ हे जुन्या काळचं झालं. आजच्या १०४-१०८ च्या स्कीज सकाळच्या त्या कॉर्डुरॉयसारख्या रेघांवर बऱ्यापैकी नीट कार्व्ह करतात, फक्त त्यांना तुझ्या ७८ सारखं चटचट वळण मागू नकोस. मोठी, लांब वळणं घे, स्की आधी कलती कर आणि मग वाट बघ, एक क्षण जास्त लागतो, तो दे. तेवढा दिलास की पकडतात.

आता आकाराकडे. मराठीत एक गोंधळ होतो म्हणून सांगते, स्कीची कंबर वेगळी आणि कॅम्बर वेगळा. कंबर म्हणजे बुटाखालची रुंदी. कॅम्बर म्हणजे स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग धनुष्यासारखा थोडा वर उचललेला असतो तो बाक, तू उभी राहिलीस की तो दाबला जातो आणि टोकांपर्यंत एजला जोर पोचवतो. रॉकर म्हणजे याच्या उलट, टिप आणि टेल लवकर वर उचलायला लागतात, होडीच्या नाळेसारख्या. टिप बुडू नये हे काम रुंदीइतकंच, माझ्या मते जास्तच, रॉकर करतो.

याची गोष्ट पण छान आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी अॅटॉमिकमध्ये रुपर्ट ह्यूबर नावाच्या माणसाने स्नोबोर्ड मधोमध कापून बघितला आणि त्या कल्पनेतून पावडर प्लस ही जाडजूड रुंद स्की आली, तोपर्यंत लोक खोल बर्फातही काठीसारख्या अरुंद स्कीजवर झगडत होते. मग शेन मॅककॉन्की नावाचा एक गाजलेला स्कीअर, त्याने वॉटर स्की बघून विचार केला की पाण्यावरची स्की मधे फुगलेली आणि टोकांना वर वळलेली असते, मग खोल बर्फावरची उलटी का. त्यातून २००२ च्या सुमारास व्होलांट कंपनीची स्पॅट्युला आली, नावाप्रमाणे उलथन्यासारखी, मधे सगळ्यात रुंद आणि दोन्ही टोकं वर. पावडरमध्ये तिने सगळं बदललं, लोकांना कळलं की तिथे एज रोवायची नसते, स्की सरकवायची असते, लोणी पसरावं तशी. आणि कडक बर्फावर तीच स्की अगदी अवघड. आज दुकानात दिसणारी जवळपास प्रत्येक प्लेफुल रुंद स्की म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड आहे, पायाखाली कॅम्बर ठेवलाय ग्रूमरसाठी आणि टोकांना रॉकर दिलाय पावडरसाठी. किती कॅम्बर आणि किती रॉकर, खरी निवड तिथे आहे.

आणि हे तू स्वतः दुकानात बघू शकतेस, कुणाला विचारायची गरज नाही. दोन्ही स्कीज तळाला तळ लावून उभ्या धर, मधे हाताने दाबून कॅम्बर मिटव. आता टिपकडून दोन्हींच्या मधल्या फटीत एक साधा कागद सरकव. तो जिथे अडकतो तिथून पुढे स्की सपाट बर्फाला टेकतच नाही. मग टेलकडून तसंच कर. दोन अडकलेल्या जागांमधलं अंतर म्हणजे सपाट ग्रूमरवर तुझ्या कामाला येणारी एजची लांबी. एका स्कीवर कागद टिपपासून वीतभर आत जाईल, दुसरीवर दीड-दोन वीत. दोन वीत जाणारी पावडरमध्ये आणि सरकवायला मजेची, पण ग्रूमरवर छोट्या स्कीसारखी वागणार. तुझ्यासारख्या १० दिवस ग्रूमरवर असणारीने मधलं बघावं, टिपला भरपूर, टेलला कमी, पायाखाली हाताला जाणवेल इतका कॅम्बर.

यातूनच लांबीचं उत्तर मिळतं. आत्ताची तुझी कार्व्हर बहुतेक १६० च्या आसपास असेल आणि तू तेच माप शोधशील. नको. रॉकर असलेल्या, टेलही वर वळलेल्या ट्विन टिप स्कीचे कितीतरी सेंटिमीटर हवेत असतात, त्यामुळे १७२ ची चालवायला १६० च्या कार्व्हरसारखीच वाटते. तुझ्या उंचीएवढी किंवा चार-पाच सेंटिमीटर जास्त, म्हणजे १६८ ते १७३ यात जे माप मिळेल ते. फारच सावध असशील तर १६५, पण त्याखाली जाऊन मग पावडरमध्ये टिप बुडाली म्हणून रुंदी वाढवत बसू नकोस, लांबीही तरंगवते.

माउंट पॉइंट. याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि प्लेफुलपणा सगळ्यात जास्त इथे असतो. प्रत्येक स्कीवर कंपनीने एक रेघ मारलेली असते, बुटाचा मध्य तिथे यायला हवा. ग्रूमरवाल्या आणि सरळ स्वभावाच्या स्कीजवर ही रेघ स्कीच्या खऱ्या मध्यापासून ८ ते ११ सेंटिमीटर मागे असते, पुढे लांब टिप, मागे छोटी टेल. प्लेफुल स्कीवर ती २ ते ५ सेंटिमीटरच मागे असते, म्हणजे तू जवळजवळ मधोमध उभी. यामुळे गरकन फिरता येतं, उलटं जाता येतं, हवेत स्की समतोल वाटते. पण तू ९ वर्षं कार्व्हरवर शिकलीयस, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून टिप चालवायची तुझी सवय असणार. मधोमध माउंट असलेल्या स्कीवर तसं जोरात दाबलंस तर समोर टिप कमी आहे, ती पावडरमध्ये डुबकी मारेल. पहिले दोन दिवस विचित्र वाटणार, थोडं सरळ उभं राहायला शिकावं लागणार, ते शिकायची तयारी ठेव. मला विचारशील तर तुझ्यासाठी मधली जागा, ५-६ सेंटिमीटर मागे. ते जमत नसेल तर मधोमधवाली स्की घेऊन कंपनीच्या रेघेपासून एक-दीड सेंटिमीटर मागे बसवून घे. आणि त्यासाठी एक काम कर, पट्टीवर पुढेमागे सरकणारं बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) लावून घे, दुकानं चालवून बघायला देतात त्या डेमो स्कीवर असतं तसं. थोडं जड असतं पण एकदा भोकं पाडली की संपलं असं होत नाही, दिवसभरात हलवून बघता येतं.

तुझ्या यादीबद्दल आता थोडक्यात. बेंट ११० हलकी आहे, टिप-टेलच्या कडा बाजूनेही थोड्या वर वळवलेल्या आहेत त्यामुळे सरकवायला अडकत नाही, तुझ्या ‘बाजूला सरकवता येईल’ या इच्छेला हीच जास्त जवळची. पण हलकी म्हणजे दुपारच्या ढिगांमध्ये ती उडणार, आणि टणक ग्रूमरवर वेग वाढला की टिप फडफडणार. क्यूएसटी १०६ जास्त शांत, कार्व्ह जास्त चांगलं, खेळकर आहे पण पुढे बघून चालणारी, उलटं जायला त्यामानाने कमी उत्सुक. तुझे दिवस १०-३ असतील आणि जोडी एकच असेल तर मी १०६ कडे झुकते. तुझ्या मनात खेळणंच पहिलं असेल, ग्रूमरवर जोरात जायची हौस नसेल, तर ११०. नॉर्डिकाची एन्फोर्सर १०४ पण कुणीतरी सुचवेल तुला, तिच्यात टायटॅनलचे थर असतात, म्हणजे अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याने ती ग्रूमरवर दगडासारखी स्थिर, पण तुझ्या वजनाला आणि तुझ्या इच्छेला ती जरा भारीच पडेल. मॉडेल दरवर्षी थोडी बदलतात म्हणून नावापेक्षा स्कीवर छापलेले आकडे वाच, समजा १३४-१०६-१२४ असं असेल तर टिप-कंबर-टेल, आणि शेजारी रेडियस (वळणाची त्रिज्या) मीटरमध्ये, १६ ते १९ मधलं काहीही तुला चालेल.

बायकांचं मॉडेल सोपं असतं वगैरेवर मी जास्त वेळ घालवणार नाही. काही कंपन्या तीच स्की छोट्या मापात वेगळ्या रंगात देतात, काही खरंच हलका लाकडी गाभा आणि वेगळा माउंट देतात. तुझं माप आणि वजन ज्यात बसतं ती स्की तुझी, चित्र काही का असेना. फक्त विचार की बांधणी वेगळी आहे का रंगच वेगळा आहे, उत्तर देता आलं नाही तर समज काय ते.

जुनी ७८ मात्र विकू नकोस. हे मी जोर देऊन सांगतेय. जुन्या स्कीचे येऊन येऊन किती पैसे येणार, आणि आठवडाभर बर्फ पडला नाही तर तीच तुझा गुडघा वाचवणार. गाडीने जात असशील आणि दोन्ही जोड्या नेता येत असतील तर सगळं चित्रच बदलतं, मग ७८ आणि ११० अशी जोडगोळी ठेव, ११२ पण चालेल, कारण रुंद स्कीवर ग्रूमरचं ओझंच उरत नाही. विमानाने जात असशील आणि एकच जोडी नेणं शक्य असेल तर १०२ ते १०६. आणि खरोखर कंबरभर बर्फ पडला तर त्या एका दिवसापुरती १२० भाड्याने घे ना, हौस पण फिटेल.

पैसे मोजण्याआधी बूट तपास. रुंद स्कीवर बूट सैल असेल तर फार जाणवतं, कारण पाय आत हलतो आणि तेवढ्यात स्की कलायची राहून जाते, मग आपण स्कीला दोष देतो. बक्कल लावून पुढे वाकल्यावर टाच उचलली जात असेल तर स्कीचे पैसे आधी बुटाला लाव, खरंच, फरक जास्त पडेल. बाइंडिंग घेताना तुझ्या बुटाचा सोल कोणता आहे, जुना साधा अल्पाइन का चालायला सोपा जावा म्हणून किंचित वळवलेला ग्रिपवॉक, ते बाइंडिंगला चालतं का हे विचारून घे, ब्रेकची रुंदी कंबरेपेक्षा १० मिलिमीटरभर जास्त असू दे, त्याहून फार नको नाहीतर कलल्यावर ब्रेकच बर्फात घासतो. आणि रिलीजचं सेटिंग तंत्रज्ञाकडूनच कर, वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि तू कशी चालवतेस ते खरं सांगून. फुशारकीने आकडा वाढवलेल्या लोकांचे गुडघे बाइंडिंग न सुटल्यामुळे गेलेत.

एक गोष्ट मला काळजीने सांगायचीये. रुंद स्की मिळाली की माणूस रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडच्या कोऱ्या उताराकडे बघायला लागतो, झाडांमध्ये शिरायला लागतो. तरंगायला लागलीस म्हणजे बर्फ सुरक्षित झाला असं नाही. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली मोकळा भुसभुशीत बर्फ साठतो, त्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून निघणं फार कठीण, आणि श्वास कोंडतो. झाडांत एकटीने जायचं नाही, सोबतचा माणूस दिसत राहिला पाहिजे, हाक ऐकू गेली पाहिजे. आणि हद्दीबाहेर जायचं तर ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिन्ही अंगावर, ते वापरायचा सराव झालेला, सोबतच्याकडेही तेच, आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचलेला. हे नसेल तर आतच खेळ, आतही खूप जागा असते.

डेमो घेताना पण घाई करू नकोस. लोक सकाळी एक रन मारतात आणि ठरवतात. तू एक स्की सकाळी टणक ग्रूमरवर घे आणि तीच दुपारी कापलेल्या बर्फात घे, दोन्हीकडे आवडली तरच विचार कर. आधी तळ आणि एज बघ, डेमो स्कीज बऱ्याचदा बोथट असतात आणि मग वाटतं रुंद स्की पकडतच नाही. पायाखालच्या भागात एजवर नखाची वरची बाजू हलकेच आडवी ओढ, भुशासारखा बारीक चुरा निघाला तर धार आहे. टोकांना धार कमी असली तर उलट चांगलं, सरकवताना अडकत नाही.

आणि आता तुझा प्रश्न. ४१ व्या वर्षी बटर शिकणं वेडेपणा अजिबात नाही गं, आणि तू लाजत लाजत विचारलंस याचंच मला वाईट वाटलं. ९ वर्षं तू उतरतेयस, आता खेळायचंय, यात काय चूक. यासाठी उड्या मारायच्या नसतात, वेगही लागत नाही. सगळ्यात सपाट, सगळ्यात सोपी रन बघ, मऊ बर्फाची सकाळ बघ, मागे वर नजर टाकून कुणी येत नाही ना ते बघ. चालण्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने सरळ जा, स्की अगदी सपाट ठेव, एजवर जाऊ देऊ नकोस. मग हळूच दोन्ही नडग्या पुढे दाब, टेल हलक्या होतील, आणि डोकं आणि खांदे एका बाजूला वळव, स्की मागून आपोआप गोल येईल. पहिल्या दिवशी पाव चक्कर झाली तरी पुरे. अर्धी चक्कर झाली की तू उलटी जात असशील, तेव्हा घाबरून मागे कलू नकोस, खांद्यावरून मागे बघ, गुडघे मऊ ठेव आणि चार मीटर जाऊ दे तसंच, मग परत फिर. तुझ्या ७८ वर हे करायला जाऊ नकोस, तिची सपाट टेल उलटं जाताना बर्फात रुतेल आणि जोरात आपटशील. डेमोच्या दिवशीच करून बघ, दोन्ही स्कीजवर पाच-पाच वेळा, आणि बाइंडिंग पट्टीवर असेल तर एक सेंटिमीटर पुढे सरकवून परत पाच वेळा.